पिवळा दिवा आणि बाबांचा ब्रेक

शुक्रवारची संध्याकाळ. शनिवारी पहाटे आई-बाबांना घेऊन ताम्हिणीमार्गे माणगावला निघायचं ठरलेलं. बॅगा भरलेल्या, दशम्या-चटणीचा डबा तयार... आणि ऑफिसातून घरी येताना सिग्नल सुटला तेवढ्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा. गोलात तीन अक्षरं. एबीएस!

खरं सांगू? हा पाहुणा नवा नव्हता. तीन आठवडे ये-जा चालली होती. गाडी बंद करून चालू केली की गायब. हँग झालेल्या कम्प्युटरला आपण करतो तसं, रीस्टार्ट! सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवलंही होतं. ‘‘युनिट बदलावं लागेल सर, अडतीस हजार.’’ आकडा ऐकून मी प्रकरण पुढच्या पगारावर ढकललं. घरी चकार शब्द काढला नाही.

त्या रात्री मात्र झोप येईना. जुलैचा पाऊस, धुकं, घाटातली वळणं आणि मागच्या सीटवर आई. शेवटी उठून बाबांना सांगितलं.

बाबांनी आयुष्यभर प्रीमियर पद्मिनी चालवली. मला गाडी शिकवताना त्यांचा एकच घोष असायचा, ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबून धरायचा नाही. दाब-सोड, दाब-सोड. चाक जाम झालं की गाडी घसरते, मग स्टिअरिंग कितीही फिरवा, ती सरळच जाते. एबीएस हेच दाब-सोड करतं, फक्त सेकंदाला अनेक वेळा. १९७८ मध्ये बॉशची ही सिस्टीम मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कार्सना ती सक्तीची झाली. आता आपण बिनधास्त ब्रेक दाबून धरतो आणि स्टिअरिंग वळवतो. दिवा लागून राहिला, की साधे ब्रेक चालतात, पण ही मदत रजेवर! (सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर मात्र गाडी बाजूला घ्या. पुढे जायचं नाही.)

‘‘म्हणजे तुझी गाडी माझी पद्मिनी झाली,’’ बाबा म्हणाले. ‘‘फरक एवढाच, की पद्मिनीत बसताना मला ते ठाऊक असायचं.’’

लागलं मनाला. मग त्यांनी विचारलं, ‘‘युनिटच बिघडलंय हे कशावरून ठरवलं त्यांनी?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शनिवारी माणगावऐवजी नाना पेठ. बाबांच्या ओळखीच्या मिस्त्रींनी बॉनेटला हातच लावला नाही. आधी प्रश्न. ‘‘दिवा चावी फिरवल्यावर लागतो, की गाडी हलल्यावर?’’ चावी फिरवली की दोन-तीन सेकंद लागून विझतो, ती त्याची हजेरी. माझा दिवा पुन्हा लागायचा तो गाडी हलल्यावर, बहुतेक वळताना. मिस्त्री हसले. ‘‘मग आधी चाकाकडे बघू.’’

ब्रेक ऑइल ठीक, फ्यूज ठीक. मग स्कॅनर. माझ्याकडे ब्लूटूथवाला स्वस्तातला स्कॅनर होता, पण त्यात काहीच दिसत नव्हतं. असले बरेचसे स्कॅनर फक्त इंजिनाचे कोड वाचतात. एबीएसचे कोड वेगळे, ‘सी’ने सुरू होणारे. मिस्त्रींच्या मशीनवर कोड आला, पुढचं डावं चाक, स्पीड सेन्सर. ‘‘लगेच सेन्सर बदलायचा नाही हं,’’ ते म्हणाले. ‘‘कोड पत्ता सांगतो, आजार नाही.’’

गाडी गल्लीत फिरवली. स्क्रीनवर चार चाकांचे चार वेग. तीन चाकं वीसवर, चौथं मध्येच शून्यावर! चाक काढलं. सेन्सरची वायर सस्पेन्शनला जिथे क्लिपने बसते, तिथली क्लिपच नव्हती. लोंबणारी वायर दर वळणाला टायरला घासत होती. प्लास्टिक सोललेलं, आतली तार हिरवी पडलेली. मीटर लावून वायर हलवली, तर बीप मध्येच तुटायची. दोन महिन्यांपूर्वी त्याच सर्व्हिस सेंटरमध्ये सस्पेन्शनचं काम झालं होतं. क्लिप परत बसवायची राहिली, एवढंच!

वायरसकट नवा सेन्सर, क्लिप, मजुरी, सगळं मिळून सव्वादोन हजार. युनिट ठणठणीत होतं. मग मिस्त्रींनी एका मोकळ्या, ओल्या मैदानावर नेऊन जोरात ब्रेक दाबायला लावला. पायाखाली पेडल थरथरलं, गाडी सरळ रेषेत थांबली. आयुष्यात पहिल्यांदाच ती थरथर इतकी गोड वाटली.

म्हणून सांगतो मित्रांनो, दिवा लागला की रीस्टार्ट मारू नका. कुणी महागडा पार्ट सुचवला, तर ‘कशावरून?’ हा एक शब्द विचारा. आणि गाडीत बसणाऱ्यांना आधी सांगा.

रविवारी पहाटे निघालो. मी चावी फिरवली. पिवळा दिवा लागला. बाबा पुढे वाकून बघत राहिले. तो विझला, गाडी सोसायटीच्या गेटबाहेर वळली, तरी परत लागला नाही. तेव्हा कुठे ते मागे टेकले.

‘‘चल आता,’’ म्हणाले.