चिमटीतला दाणा

पेठ नाक्याच्या अलीकडं महामार्गाच्या कडेला माझं हॉटेल उभं आहे. पत्रे गेले, चौकटी गेल्या. भिंतीवर ‘अख्खा मसूर’ एवढं अजून वाचता येतं.

साखरेनं यंदा उजव्या हाताची बोटं बधिर झाली. मसूर झाला की नाही, हे मी आयुष्यभर चिमटीत दाबून ठरवलं. आतून लोण्यासारखा मऊ, पण साल फुटता कामा नये. कांदा-लसणाची चटणी कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत घरोघर होते. दाणा अख्खा राखणं सगळ्यांना जमत नाही. आता बोर्डावर अख्खा मसूर लिहितात, कुकरच्या शिट्ट्या काढतात, वर बटर सोडतात आणि ताटात गाळ वाढतात. मला बघवत नाही.

४ नंबरचा हायवे (आता ४८) दुपदरी होता तेव्हा बंगळूरचे ट्रक दारात लागायचे. चौपदरीकरणात दुभाजक आला, पलीकडची गाडी पलीकडंच राहिली. रस्त्यानं हॉटेल मारलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते अर्धंच खरं.

भरावाखाली माझी विहीर गेली. मागं बोअर मारली. उसाला पाणी पाजून पाजून वाळवा तालुक्यातल्या कितीतरी जमिनी क्षारपड झाल्यात. बोअरचं पाणी जड लागलं. त्यात मसूर दोन तास रटरटला तरी साल चामड्यासारखी, आणि आच वाढवली की दाणा फुटलाच. रात्रभर भिजवून पाहिला. टोमॅटो अगदी शेवटी घातला. सोडा घातला, तर साल सुटून सगळा लगदा. माल बदलला, दुकानदाराशी भांडलो. हाताखालचं पोरगं म्हणालं, “मामा, पाणी बघा.” भरल्या हॉटेलात मी त्याच्यावर ओरडलो. माझ्या हातापुढं पाण्याचं काय चालणार, असा माज होता. पोरगं गेलं. मागोमाग जुने ड्रायव्हरही यायचे थांबले.

त्या पोराचं आता कासेगावकडं हॉटेल आहे. परवा गेलो. मसुराला पाणी तो जारचं वापरतो. त्यानं स्वतः ताट आणलं. सवयीनं दाणा चिमटीत धरला. बोटांना काही कळेना. मग जिभेवर ठेवून टाळूला दाबला. साल शाबूत, आत लोणी. विहिरीच्या पाण्यात माझा व्हायचा, तसाच.

“कसा झालाय, मामा?”

“चटणी जरा जास्त पडलीय,” मी म्हणालो.

जास्त पडली नव्हती.