खर्जाचा शोध

संगीतांतील खर्ज आणि घराचा पाया यांच्यांत एक साम्य आहे: दोन्ही जोंपर्यंत जागच्या जागीं असतात, तोंपर्यंत त्यांची आठवण कोणासहि होत नाहीं. मैफलींतून परततांना रसिक तानांची वाखाणणी करितात, समेवर येण्याच्या डौलाची करितात. डग्ग्याचा घुमारा मात्र कोणी आठवणीनें घरीं नेत नाहीं. परंतु तोच घुमारा काढून घ्या आणि मग ऐका! तबला नुसता टकटक करूं लागतो, गायकाचा आवाज अधांतरीं तरंगतो, आणि सर्व कांहीं सुरांत असूनहि गाणें पोरकें वाटतें.

हा अनुभव आम्हांस गेल्या पावसाळ्यांत आमच्या मोटारींत आला. उजव्या दारांतील स्पीकर पाणी शिरून निकामी झाला, म्हणून एका दुकानांत दोन्ही दारांत नवे स्पीकर बसवून घेतले. आमचे वडील भजनी मंडळांत पखवाज वाजवीत. त्यांच्या साथीची एक जुनी ध्वनिफीत आमच्या एका विद्यार्थ्यानें पेन-ड्राइव्हवर उतरवून दिली आहे. वाईस जातांना ती आम्ही नेहमीं ऐकतों. भजनास बसण्यापूर्वीं वडील पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापीत. त्या भारानें कातड्याचा कंप मंदावतो आणि आवाज खालीं उतरतो, हें शास्त्र आम्हांस पुढें कळलें. पण तो घुमारा मात्र लहानपणापासून कानांत बसलेला. नवे स्पीकर बसविल्यानंतर खंबाटकीचा घाट चढतांना ध्यानांत आलें कीं, वडिलांचा उजवा हात तेवढा वाजतो आहे. डावा हात नाहींसा झाला आहे!

दुकानदाराकडे गेलों. त्यानें क्षणभर ऐकून निकाल दिला, “सर, स्पीकर एक नंबर आहेत. वयोमानानें कानांत थोडा फरक पडायचाच. तुम्हांला भरदार आवाज हवा असेल, तर अँप्लिफायर आणि सबवूफर बसवून घ्या.”

पन्नाशी उलटलेल्या मनुष्यास असें वाक्य सहज झटकून टाकतां येत नाहीं. चष्म्याचा नंबर वाढला, गुडघे कुरकुरूं लागले. आतां कानांचीहि पाळी आली काय? परंतु जन्मभर तर्कशास्त्र शिकविणारानें साक्षीदारास खोटा ठरविण्यापूर्वीं त्याची उलटतपासणी तरी करावी. वार्धक्य कानांत शिरतें तें बहुधा वरच्या स्वरांच्या वाटेनें. रातकिड्यांची किरकिर आधीं मंदावते, ढोलाचा दणका नव्हे. आम्हांस रातकिडे ऐकूं येत होते, आणि देवळांतला पखवाजहि पूर्ववत् घुमत होता. सबब कान निर्दोष. आरोपी गाडींतच असला पाहिजे.

आपल्या शास्त्रकारांनीं कार्यकारणाच्या शोधासाठीं अन्वय आणि व्यतिरेक या दोन वाटा दाखविल्या आहेत. जॉन स्टुअर्ट मिलनें १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत तशाच रीती निराळ्या नांवांनीं मांडल्या. सार इतकेंच कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. आम्हीं प्रथम यंत्रावरील ‘बास’ शेवटपर्यंत वाढविला. दारें थरथरलीं, पखवाज आला नाहीं. खालचे स्वर गाळून टाकणारा ‘हाय-पास फिल्टर’ कोणी चालूं ठेवला आहे काय, तें पाहिलें. तो बंद होता. पेन-ड्राइव्ह काढून रेडिओ लावला. तोहि तसाच पोकळ. शेवटीं ‘बॅलन्स’ पूर्ण डावीकडे नेला, म्हणजे उजवा स्पीकर मुका झाला; आणि काय नवल, डाव्यांतून पखवाज घुमला! मग डावा मुका केला, उजव्यांतूनहि घुमला. दोघांस एकत्र बोलूं दिलें, कीं घुमारा नाहींसा!

एकेकट्यानें दिलेलें दोघांनीं मिळून हिरावून घ्यावें, याचें कारण उघड होतें. एका स्पीकरचा पडदा पुढें येऊन हवा दाबीत होता, त्याच क्षणीं दुसऱ्याचा मागें जाऊन ती विरळ करीत होता. सेकंदास ५० कंपनांच्या स्वराची लहर सुमारे ७ मीटर लांब, म्हणजे आमच्या मोटारीहूनहि लांब. त्यामुळें आंत बसणाराच्या कानाशीं दाब आणि विरळपणा यांची वजाबाकीच होते. ३००० कंपनांच्या स्वराची लहर सुमारे ११ सेंटिमीटरांची. ती येथें तुटते, तेथें जुळते, आणि कानास चुकल्यासारखें वाटत नाहीं. म्हणून टाळ वाजत राहतात आणि पखवाज बुडतो.

पुराव्यास दीड व्होल्टचा एक सेल पुरला. यंत्रामागील तारा सोडवून तो स्पीकरच्या तारांच्या जोड्यांस पाळीपाळीनें क्षणभर टेकविला. धनाग्र धनखुणेच्या तारेस लावला असतां डावा पडदा बाहेर उसळला. उजवा आंत गेला. उजव्या दारांत दोन तारांची अदलाबदल झाली होती. दोन्ही दारांत ती झाली असती, तर कोणास कळलेंहि नसतें. एकाच दारांत झाली, म्हणून घोटाळा! दाराचें अस्तर उघडून तारा सरळ केल्या. खर्च शून्य. पुन्हा भजन लावलें, तों वडिलांचा डावा हात कणकेसह परत आला.

दुकानदाराचें ऐकून अँप्लिफायर घेतला असता, तर काय वाढलें असतें? ते दोघे अधिक जोरानें एकमेकांस खोडीत राहिले असते, इतकेंच. आमच्या कितीएक मंडळांचा आणि समित्यांचा कारभार आम्हीं असाच पाहिला आहे: माणसें कर्तबगार, जोर पुरेपूर, फळ शून्य, आणि तरी दरवर्षीं ठराव होतो तो अधिक निधीचा! तारा तपासण्याचा ठराव मांडणारा भेटत नाहीं.

परंतु आम्हांस अधिक लागलें तें कानांविषयींचें बोलणें. वयाकडे बोट दाखविणें हें फार सोयीचें उत्तर आहे. त्यास पुरावा लागत नाहीं, आणि ऐकणारा निमूटपणें मान खालीं घालतो. आमच्या वयाच्या वाचकांस आमची एवढीच विनंती: उणेपणा आपल्या इंद्रियांच्या माथीं मारून घेण्यापूर्वीं एकदां दीड व्होल्टचा सेल मागावा.