नार्वे आणि नॉर्वे

माझा भाचा नॉर्वेत शिकतो आणि सुट्टीच्या दिवशी कयाकमध्ये बसून हॅलिबट पकडायला जातो. घरच्या ग्रुपवर त्याचे फोटो आले की आमची मावशी हमखास विचारते, "हे आपल्या नार्व्यातलं का रे?" यंदा फेब्रुवारीत तो खरोखरच डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला आला. दोघांची कयाक भाड्याने घेतली, गळ आणि लाइफ जॅकेटं घेतली आणि आम्ही फेरीच्या धक्क्याजवळ पाण्यात उतरलो.

हॅलिबट हा चपटा मासा. पिल्लू असताना त्याचे डोळे इतर माशांसारखे दोन बाजूंना असतात. पुढे एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला जातो आणि मासा कुशीवर आडवा होऊन तळाशी पडून राहतो. अटलांटिकमधला हॅलिबट माणसापेक्षाही लांब होतो. आपल्या समुद्रातही त्याचा एक दूरचा नातलग आहे, मुंबईच्या बाजारातला भाकस. पण तो बाहेरच्या खोल पाण्यातला, ट्रॉलरच्या जाळ्यात येणारा. मांडवीत चपट्यांपैकी मिळतो तो लेपो. जिभेच्या आकाराचा, आणि तोंड एवढंसं की गळाला क्वचितच लागतो. रवा लावून तव्यावर टाकला की मात्र हॅलिबटने त्याच्यापुढे उभंही राहू नये, असं माझं मत आहे. भाच्याचं वेगळं आहे.

तेव्हा गळ टाकायचा तो चणकेसाठी. रायगडकडे जिला जिताडा म्हणतात तीच ही. खाऱ्या आणि गोड्या, दोन्ही पाण्यांत वावरते आणि खारफुटीच्या मुळांशी दबा धरून बसते. आणखी एक गंमत म्हणजे ती आधी नर असते आणि वाढल्यावर मादी होते. बाजारात लोक कौतुकाने बघतात ती भली मोठी चणक बहुधा अंड्यांवरची आईच असते.

नार्व्यासमोर दिवाडी बेट आहे. मधलं पाणी मांडवीचं, दिसायला तळ्यासारखं शांत. पण समुद्राची भरती मांडवीतून पार गांजेपर्यंत, सुमारे 50 किलोमीटर आत चढते, आणि तेवढं सगळं पाणी सुकतीला परत फिरतं. सुकती म्हणजे ओहोटी. पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणात ही ओढ जास्त, अष्टमी-नवमीच्या भांगाला कमी. आम्ही नवमी बघूनच गेलो होतो. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, एवढं लक्षात ठेवलं तर फोनशिवायही हिशेब लागतो. पावसाळ्यात मात्र इथे कयाक काढण्याचा विचारही करू नये.

याच पाण्यावरून सप्तकोटेश्वर इकडे आला. कदंबांचा हा देव मूळचा दिवाडीचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर लिंग नदीपार नार्व्याला आणलं गेलं, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. भाच्याला हे शाळेपासून पाठ होतं. पण कयाकमधून दोन्ही काठ एकदम दिसल्यावर तो म्हणाला, "मामा, एवढंच अंतर?" अंतर एवढंच. पण त्या काळी अलीकडे एक राज्य होतं आणि पलीकडे दुसरं.

काठाने जाताना बांधातली मानस दिसली. मानस म्हणजे खाजन शेतीचं लाकडी दार. भरती चढली की पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही, सुकतीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. त्या पाण्याबरोबर मासे येतात, म्हणून दारावर जाळं लावण्याच्या हक्काचा लिलाव होतो. भाच्याने तिकडे गळ फिरवला, तेवढ्यात होडीतल्या एका काकांनी हात वर केला. "बाब, थंय नाका." तिथे नको. नॉर्वेच्या समुद्रात हौशी माणसाने कुठे गळ टाकावा हे सहसा कोणी विचारत नाही. इथे पाण्याच्या वीतभर तुकड्यालाही धनी आहे, आणि त्याच पैशातून बांधाची डागडुजी होत आली आहे. बांध फुटला तर एका उधाणात शेत खारं होतं. तिथे मग खारं सोसणारा कोरगूट भातही तग धरत नाही.

आम्ही खारफुटीकडे वळलो. अर्ध्या तासाने रीळ किंचाळलं. चणकेने कयाकच ओढायला सुरुवात केली, काठापासून आत, सुकतीच्या धारेकडे. समोरून फेरी निघाली होती. कयाक पाण्याला टेकलेली, फेरीवाल्याला ती वेळेवर दिसेलच असं नाही. काका ओरडले, "दोरी सोड!" भाच्याने रीळ मोकळं केलं. मी वल्ही मारून काठ गाठला, फेरी गेली, लाटांनी आम्हाला दोनदा हलवलं. दोरी पुन्हा गुंडाळली तर मासा होताच. सात-आठ किलोची असावी, पाठीवर हिरवट-काळी, डोळे लालसर चमकणारे.

घरी मावशी वाटण करून बसली होती. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही, मासा त्याचा होता. त्याने पक्कडीने गळ काढला, माशाला दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवलं, आणि शेपटी जोरात हलली तेव्हा सोडलं. काकांनी कपाळावर हात मारला. मग आपल्या टोपलीतले चार शेवटे काढून आमच्याकडे टाकले आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

मावशीने शेवट्यांचंच हुमण केलं. चणकेचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, असं ठरलं आहे.