भामेर : एका गावाचे वाचन

प्रादेशिक साहित्य शिकवताना ‘प्रदेश’ हा शब्द वर्गात वारंवार उच्चारला जातो. तोच प्रदेश पायांखाली असला की मात्र विद्यार्थी म्हणतात, ‘आमच्या गावाला कसला आलाय इतिहास!’ साक्री तालुक्यात शिकवताना हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले, की उत्तरादाखल त्यांना घेऊन भामेरला जाऊ लागलो.

निजामपूरजवळचे हे लहानसे गाव किल्ल्याच्या डोंगराला बिलगून वसले आहे. सुरत आणि बुऱ्हाणपूर यांना जोडणाऱ्या व्यापारी वाटांवर नजर ठेवायची, तर ही जागा मोक्याचीच. वर खडकात खोदलेली टाकी आणि दालने आहेत, झिजलेल्या जैन मूर्तींची लेणी आहेत. ही अहिर राजांची राजधानी होती, असे परंपरा सांगते. युरोपात, स्लोव्हाकियातल्या चिमुकल्या खेड्याच्या परिचयातही पहिल्या लेखी उल्लेखाचे साल अभिमानाने दिलेले असते. भामेरात असे साल विचारले, तर लोक डोंगराकडे बोट दाखवतात. आम्हांला हे उत्तर अपुरे वाटत नाही. तो कडा तिथे होता, म्हणूनच गाव तिथे झाले.

मात्र असे मोठेपण वाटेच्या आधाराने येते आणि वाटेबरोबर निघूनही जाते. 1880च्या खानदेश गॅझेटिअरात हा तालुका पिंपळनेर या नावाने येतो. पुढे नाव आणि कचेरी दोन्ही साक्रीकडे आली. 1906 साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले, 1998 साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. सुरत–नागपूर महामार्ग साक्रीवरून जातो. भामेर बाजूला राहते. आता परिसरातल्या टेकड्यांवर पवनचक्क्या फिरतात. पूर्वी इथली उंची टेहळणीला कामी येई, आज ती वाऱ्यासाठी मोलाची ठरली आहे. राज्ये बदलली, डोंगराचे भौगोलिक महत्त्व कायम राहिले.

धुळ्यात 1927 साली इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले आणि जुन्या दप्तरांना घर मिळाले. परंतु दप्तरात तेच उतरते, जे कुणीतरी लिहून ठेवलेले असते. ज्यांनी काहीच लिहिले नाही, त्यांचा इतिहास शेतांच्या, नाल्यांच्या, पाऊलवाटांच्या नावांत राहतो. आणि ही नावे अहिराणीत आहेत.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना एकच काम देतो : घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला शिवारातली नावे विचारून, ती जशी उच्चारली जातात तशीच लिहून आणा. कुणाच्या वहीत बुजलेल्या नाल्याचे नाव येते, कुणाच्या वहीत तोडलेल्या आंब्यावरून पडलेले शेताचे. नाला नाही, आंबा नाही. नाव तेवढे उरले आहे. तेही सांगणारे आता थोडेच आहेत. काही वह्यांतल्या जागा कोऱ्याच राहतात, कारण विचारायला घरात कुणी उरलेले नसते. ‘आम्हाला कसला इतिहास’ हे वाक्य त्या दिवशी वर्गात कुणी उच्चारत नाही.