ताक, ताट, तास

मागच्या दिवाळीच्या आधी तीन आठवडे माझ्या ऑनलाइन कार्टमध्ये एक ५५ इंची फोरके टीव्ही आणि एक डॉल्बी ॲटमॉसवाला साउंडबार पडून होता. एकूण १ लाख १८ हजार. रोज रात्री झोपायच्या आधी मी कार्ट उघडायचो, किंमत बघायचो, रिव्ह्यूचा अजून एक व्हिडिओ बघायचो आणि फोन उशाखाली सरकवून द्यायचो.

पैशांचा प्रश्न नव्हता, बोनस आला होता. प्रश्न होता पप्पांच्या होम थिएटरचा.

आमच्या साताऱ्याच्या घरात अजूनही २०१० सालचं ५.१ होम थिएटर आहे. पप्पांना भिशी लागली तेव्हा घेतलेलं. मी तेव्हा शाळेत होतो. पुढे मी मांडीवर खोका धरून बसलो होतो आणि पप्पा एम-८० चालवत होते, हे मला नीट आठवतं. त्या रविवारी त्यांनी स्वतः भिंतींना भोकं पाडली, केसिंग पट्टी मारली आणि मागचे दोन स्पीकर थेट देवघराच्या वर नेऊन बसवले. पाच स्पीकर, एक सबवूफर, डीव्हीडी प्लेअर डब्यातच. गल्लीत पहिलं. दोन महिने आमच्याकडे रोज कुणी ना कुणी ‘आवाज ऐकायला’ यायचं.

आता त्याची अवस्था अशी की मागच्या बाजूला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची भोकं आहेत, एचडीएमआय नाही. त्याला जोडलेला टीव्ही ३२ इंची, १३६६ बाय ७६८. मी बघत होतो त्या नव्या टीव्हीला पिवळं-लाल-पांढरं काही नव्हतंच. मध्ये कन्व्हर्टर लावून जोडता आलं असतं, पण मग सव्वा लाखाच्या गाडीला सायकलची घंटा लावल्यासारखं दिसलं असतं. म्हणजे नवीन घ्यायचं तर जुनं सगळं भंगारात. आणि ते पप्पांना कोण सांगणार?

मी वाकडला राहतो. शुक्रवारी रात्री निघायचं, खंबाटकी घाट उतरेपर्यंत झोप काढायची, शनिवार-रविवार घरी. गेली दोन-तीन वर्षं घरी गेलं की एकच दृश्य असतं. पप्पा दिवाणावर, टीव्हीचा आवाज पार शेवटच्या घराला ऐकू जाईल इतका, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडतेय, “अहो, जरा बारीक करा.” पप्पांचं उत्तर ठरलेलं. “हल्लीच्या सिनेमात नुसती गडगड असते. बोलतात काय ते कळतच नाही. जुनं झालंय आपलं मशीन.”

यातलं शेवटचं वाक्य मी सोयीने पकडलं. जुनं झालंय. म्हणजे अपग्रेड. मला तेच ऐकायचं होतं.

*

खरं सांगायचं तर गणित माझ्या विरोधात होतं आणि ते मला माहीत होतं. आमच्या हॉलमध्ये दिवाणापासून टीव्हीपर्यंत ११ फूट आहेत, मी टेपने मोजलंय. चांगली नजर असलेल्या माणसाला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक फरक ओळखता येतो. ११ फुटांवर हा फरक जेमतेम एक मिलिमीटर होतो. ५५ इंची फुल एचडी टीव्हीचा एक पिक्सेल असतो सुमारे ०.६३ मिलिमीटर, फोरकेचा त्याच्या निम्मा. म्हणजे आमच्या दिवाणावर बसून फुल एचडी आणि फोरके यांतला बारकावा कुणालाच दिसणार नाही. त्यासाठी सात फुटांच्या आत सरकावं लागेल. गंमत म्हणजे आमच्या जुन्या ३२ इंची टीव्हीचा पिक्सेलसुद्धा ०.५२ मिलिमीटरच भरतो. चित्र लहान दिसतं हे खरं, पण फुटलेलं दिसत नाही.

दुसरं गणित याहून वाईट. पप्पा बघतात काय? तर बहुतेक वेळा ‘मोरूची मावशी’. व्हीसीडीवर. आजच्या पोरांना माहीत नसेल, पण व्हीसीडीवर एका चकतीत जेमतेम ७४ मिनिटं मावायची, त्यामुळे ऐन रंगात उठून चकती बदलावी लागायची. आपल्याकडच्या व्हीसीडीचं चित्र असायचं ३५२ बाय २८८, म्हणजे लाखभर ठिपके. फोरके पडद्यावर ठिपके असतात ८२ लाख ९४ हजार. दर ८२ ठिपक्यांमागे एक खरा आणि बाकीचे ८१ टीव्हीने अंदाजाने भरलेले. विजय चव्हाणांच्या साडीची जर ८२ पट मोठी होणार, जास्त खरी होणार नाही.

हे सगळं कळत असूनही कार्ट रिकामी होत नव्हती. कारण मला टीव्ही फक्त बघायचा नव्हता, द्यायचा होता. ज्या माणसाने भिशीच्या पैशांत गल्लीतलं पहिलं होम थिएटर आणलं, त्याच्या घरात मला माझ्या पगारातलं पहिलं फोरके आणायचं होतं. शेजारच्या काकूंनी येऊन “पोरानं आणलं वाटतं?” असं विचारायला हवं होतं. एवढं साधं होतं ते.

*

नवरात्रात चार दिवस घरून काम केलं. एका दुपारी जुनं मशीन नीट बघायला घेतलं. मनात हेतू हाच की ते खराब झालंय याचा पुरावा मिळावा.

पुरावा मिळाला, पण वेगळा. ५.१ मध्ये मधला स्पीकर सगळ्यात महत्त्वाचा, कारण सिनेमातले संवाद मुख्यतः त्याच्यातून येतात. आमचा मधला स्पीकर टीव्हीखाली नव्हता. तो शोकेसमध्ये होता, सरकत्या काचेच्या आत, माझ्या दहावीच्या ट्रॉफीच्या शेजारी.

“धूळ बसत होती त्याच्यावर,” आई म्हणाली. “रंगकाम झालं तेव्हा आत ठेवला. वायर जातीय की फटीतनं.”

काचेच्या आड ठेवलेल्या स्पीकरचा जाड आवाज कसाबसा बाहेर येतो, बारीक आवाज आतच अडतो. त्यात सबवूफरचं बटण कुणीतरी पुसताना पूर्ण फिरवलेलं. मला इतका आनंद झाला की विचारू नका. बग सापडला! स्पीकर बाहेर काढला, टीव्हीखाली ठेवला, सबवूफर निम्म्यावर आणला, सिनेमा लावला. मला एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

“बघा पप्पा, आता?”

त्यांनी पाचेक मिनिटं ऐकलं. मान हलवली. “हां, बरंय की.” आणि रिमोट घेऊन आवाज तीन घरं वाढवला.

त्या रात्री जेवताना आईने विचारलं, “ताक देऊ का?”

पप्पा म्हणाले, “ताट कशाला आता? जेवलो की.”

आम्ही हसलो. नेहमीसारखंच. पप्पांचं असं चालायचंच, घरात त्यावर विनोद होते. पण त्या दिवशी मी दुपारभर डीबगिंगच्या डोक्यात होतो, म्हणून असेल, हसता हसता अडकलो. ताक, ताट. पहिला अर्धा भाग सारखा. ‘ता’ पोचला होता. ‘क’ पोचला नव्हता.

मग एकेक गोष्ट लागायला लागली. पप्पा नवीन काही बघतच नाहीत. मालिका सोडल्या, नवीन सिनेमे अर्ध्यात सोडतात. बघतात ते सगळं पाठ असलेलं. ‘मोरूची मावशी’मध्ये ते वाक्य यायच्या आधी हसतात. मला वाटायचं, आवड आहे. ते ऐकत नव्हते, आठवत होते.

आणि फोन. मी पुण्याहून फोन केला की पप्पा “हां, बोल. बरायस ना? घे, आईशी बोल” एवढंच म्हणतात. दहा सेकंद. तीन वर्षं मी धरून चाललो होतो की त्यांना माझ्याशी बोलण्यात रस नाही. कधीकधी मला रागही यायचा. साध्या फोनवर आवाजाचा मोजकाच पट्टा जातो, जुन्या हिशोबात ३०० ते ३४०० हर्ट्झ. त्याच्या वरचं कापलं जातं. समोर चेहराही नसतो, ओठ दिसत नाहीत. ज्याला आधीच अर्धा शब्द ऐकू येतो, त्याच्यासाठी फोन म्हणजे सगळ्यात अवघड परीक्षा. आणि पप्पा नापास व्हायच्या आधी पेपर आईकडे देत होते.

आमच्या कामात पहिला नियम असतो, आधी मोजा, मग सुधारा. कुठे अडतंय हे न मोजता कोड बदलणाऱ्या ज्युनियरला मी स्वतः झापलेलं आहे. आणि मी पिक्सेल मोजले होते, अंतर मोजलं होतं, ठिपक्यांना ठिपक्यांनी भागलं होतं. टीव्हीपासून निघालेली साखळी ज्या कानापाशी संपते, तो कान सोडून.

*

कान तपासायला पप्पा तयार होईनात. “मला ऐकू येतं. तुम्ही लोकच पुटपुटता.” शेवटी आईने बीपी दाखवायच्या निमित्ताने नेलं आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर चढवलं.

बंद काचेच्या खोलीत कानाला हेडफोन, हातात बटण. बारीक ‘टूं’ ऐकू आलं की दाबायचं. मी बाहेर बसलो होतो. कितीतरी वेळा यंत्रावर आवाज सुरू असल्याचा दिवा लागायचा आणि पप्पा शांतपणे समोर बघत असायचे. बटण हातात तसंच.

तपासणाऱ्या मॅडमनी आलेख समोर ठेवला. १००० हर्ट्झपर्यंत रेष जवळजवळ ठीक. पुढे ती घसरली होती, ४००० ला ६५ डेसिबलपर्यंत खड्डा आणि ८००० ला जराशी वर.

“काका, कामाला कुठे होता?”

“एमआयडीसीत. प्रेस शॉपला. एकतीस वर्षं.”

त्यांनी मान डोलावली. म्हणाल्या, वयाने कान जातात ते टोकापासून, पण ४००० च्या आसपास असा खड्डा बऱ्याचदा मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसांना असतो. आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात, म्हणून माणसाला वाटतं आवाज तर येतोय. पण स, श, ट, क यांसारखी व्यंजनं वरच्या भागात आणि हलकी. ती गेली की ताक, ताट, तास सगळं एकच. टीव्ही मोठा करून उपयोग नाही. जे ऐकू येतं तेच आणखी मोठं होतं.

पप्पा तो आलेख बघत होते. मी कॉलेजात असताना फॅक्टरीत एकदा डबा द्यायला गेलो होतो, ते आठवलं. पत्रा खाली यायचा आणि छातीत धक्का बसायचा. पप्पांच्या कानात कापसाचे बोळे होते. त्याच वर्षी माझ्या इंजिनिअरिंगची फी वाढली होती आणि ते डबल शिफ्ट करत होते.

दोन्ही कानांच्या मशीनचे ८४ हजार.

“त्यापेक्षा टीव्हीच घे,” पप्पा बाहेर आल्यावर म्हणाले. आईने त्यांना माझ्या कार्टबद्दल सांगितलं होतं. “टीव्ही सगळ्यांना होईल.”

मला त्यांचं म्हणणं कळत होतं. टीव्ही आला की लोक पेढे मागतात. कानात मशीन आलं की “कधीपासून?” विचारतात. मलासुद्धा टीव्हीच द्यायचा होता ना. कारण तो दिसतो.

मी म्हणालो, “आठवडाभर वापरून बघा. नाही आवडलं तर परत देऊ, टीव्ही घेऊ.” वापरून बघायची सोय होतीच, मी फक्त टीव्हीचं आमिष लावलं.

*

चमत्कार वगैरे झाला नाही. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, हे चष्म्यासारखं नाही, मेंदूला सवय व्हायला आठवडे लागतात. पहिल्या दिवशी पप्पांची चिडचिड झाली. पंख्याला घरघर आहे. भांडी आपटू नका. पेपरची पानं एवढी का वाजतात? नंतर बराच वेळ गप्प बसले आणि आईला म्हणाले, “तुझ्या बांगड्या अजून वाजतात की.”

आई म्हणाली, “वाजतच होत्या.”

परत काही दिलं नाही. अजूनही अर्धा दिवस मशीन डबीतच असतं, बाहेर जाताना तर नक्कीच. संध्याकाळी टीव्हीसमोर मात्र घालतात. आवाज पूर्वीच्या निम्म्यावर आलाय. आता त्यांची नवी तक्रार आहे की मागचे दोन स्पीकर फाटलेत, त्यांना किरकिर आहे. मी तपासलं. खरंच आहे. बहुधा कित्येक वर्षं होती.

टीव्ही घेणारच नाही असं नाही. ३२ इंच ११ फुटांवरून लहानच दिसतो. सध्या दिवाण तीन फूट पुढे सरकवलाय, तो अपग्रेड फुकटात झाला. कार्टमध्ये टीव्ही अजून आहे, साउंडबार काढून टाकला.

परवा रात्री फोन केला. पप्पांनीच उचलला. मी ‘हॅलो’ म्हणालो आणि पुढच्या दहा सेकंदांची सवयीने वाट बघत होतो.

“थांब जरा,” ते म्हणाले. “मशीन घालतो.”