आमच्याकडे काय पितात?

पाहुण्याला 'काय घेणार?' असं विचारणं हा आपल्याकडे प्रश्न नसतो, प्रथा असते. पाहुणा 'काही नको' म्हणतो आणि आतून चहा येतो. उत्तर दोन्ही पक्षांना आधीच ठाऊक असल्यामुळे हा व्यवहार वर्षानुवर्षं बिनतक्रार चालू आहे.

त्यात खोडा घातला आमच्या मेव्हण्याने. तो बोटीवर नोकरीला आहे. जमैका, बार्बाडोस अशा, नकाशावर माशी बसली तर झाकून जातील एवढ्या बेटांना त्याची बोट लागते. तिथे म्हणे परका माणूस दिसला की लोक त्याला आपलं पेय पाजल्याशिवाय सोडत नाहीत. बार्बाडोसमध्ये मॉबी, म्हणजे झाडाची साल उकळून केलेलं कडसर पाणी. जमैकात नाताळच्या दिवसांत सॉरेल. लालभडक, आंबटगोड आणि आल्याच्या ठसक्याचं. रम तर काय, उसाचा मुलूख असल्यामुळे घरचीच. एवढं सांगून त्याने विचारलं, "भाऊजी, तुमच्या शेलारचं खास पेय कुठलं?"

शेलार म्हणजे भिवंडीहून वाड्याकडे जाताना लागणारं गाव. भिवंडी तालुक्याचं खास काय, तर यंत्रमाग आणि गोदामं. धूळ विचारली असती तर चार प्रकारची दाखवली असती. पण पेय? मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. रीतसर यादी करायला बसलो.

पहिली नोंद नीरेची. ठाणे-पालघर पट्ट्यात ताड आणि शिंदी पुष्कळ. मडक्याला आतून चुना लावून ते संध्याकाळी झाडावर बांधायचं, म्हणजे रस आंबत नाही, आणि उजाडायच्या आत उतरवायचं. ही झाली नीरा. शुद्ध, सात्त्विक, खुद्द गांधीजींना मान्य असलेली. चुना राहिला आणि ऊन चढलं की तिचीच ताडी होते आणि नशा येते. आमच्या बँकेत तारीख उलटली तर फार तर व्याज बदलतं. इथे ऊन चढलं की खातंच बदलतं! खादी-ग्रामोद्योगातून थेट उत्पादन शुल्क. त्यातून आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. त्याखाली पिणाऱ्याने परवाना काढायचा असतो आणि तो मिळतो प्रकृतिस्वास्थ्यासाठी! पाहुण्याला घड्याळ बघून काही पाजणं मला झेपण्यासारखं नव्हतं.

बाकीच्या नोंदी सोज्वळ. मठ्ठा जिलबीला सोबत घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. पन्हं चैत्रातल्या हळदीकुंकवाचं. आम्हा पुरुषांच्या वाट्याला पातेल्याच्या तळाशी उरेल तेवढं. कोकम सरबत असतं घरात, पण ते आठवतं पित्त खवळल्यावर, म्हणजे त्याची जमा औषधांत. कोका-कोला १९७७ साली देश सोडून गेला आणि १९९३ साली परत आला, तेव्हा केवढं स्वागत झालं! पन्हं कुठेच गेलं नव्हतं. त्यामुळे त्याचं स्वागत करायचं कुणाला सुचलं नाही.

एवढ्यात मेव्हण्याने जमैकाहून आणलेली सॉरेलची सुकी बोंडं पुडीतून काढली. आईने चष्मा चढवला, एक बोंड हुंगलं, दाताखाली धरलं आणि म्हणाली, "अगंबाई, ही तर अंबाडी!"

आणि होतीच. शास्त्रीय नावही एकच, हिबिस्कस सबदारिफा. जिच्या पाल्याची भाजी लसणाच्या फोडणीवर करून आपण भाकरीबरोबर ओरपतो, तीच. विदर्भात बोंडांचं सरबतसुद्धा करतात. आमच्या रस्त्याने वाड्याकडे निघालं तर अंबाडी नावाचा नाकाच लागतो. इतकी वर्षं मी एस.टी.ने तिथून जातोय, पण अंबाडी नाक्याहून जमैका गाठता येतं हे एकाही कंडक्टरने सांगितलं नव्हतं.

फरक फुलात नव्हता. ते लोक पेला पुढे करताना पेयाचं नाव सांगतात. आपण 'साधंच आहे हो' म्हणून मान खाली घालतो, आणि पाहुण्यासाठी मुलाला बाटली आणायला पिटाळतो.

त्या दिवशी आईने पन्हं केलं. मेव्हण्याने दोन पेले रिचवले आणि वही काढून प्रमाण विचारलं. "कैऱ्या असतील तेवढ्या, गूळ मागेल तेवढा, आणि वेलदोडा हाताला कळतो," आई म्हणाली. वही कोरीच मिटली. आता मात्र मी गप्प झालो. आईला पंचाहत्तरी उलटून गेली आहे. खात्याला नॉमिनी लावून घ्या म्हणून मी काउंटरवर रोज माणसांच्या मागे लागतो, आणि घरातलं हे सगळ्यात जुनं खातं एकाच हाताच्या सहीवर चाललेलं! तो हात आता पेला देताना किंचित कापतो.

गेल्या रविवारी मी स्वयंपाकघरात जाऊन रीतसर अर्ज केला. "गूळ नक्की किती घालायचा?"

"आधी कैऱ्या उकडायला ठेव," आई म्हणाली. "गुळाचं मग बघू."