हरलेल्याची जागा

समाजवादी किती वेळा फुटले आणि किती वेळा जुळले, हे माझ्या वडिलांना तोंडपाठ होतं. 1948 च्या मार्चमध्ये नाशिकला ते काँग्रेसमधून बाहेर पडले. 1952 मध्ये कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाशी जुळून प्रजासमाजवादी (पीएसपी) झाले. 1955 सरता सरता लोहिया वेगळे झाले. 1964 मध्ये सगळे पुन्हा एकत्र येऊन संयुक्त समाजवादी (एसएसपी) झाले आणि वर्ष उलटायच्या आत, 1965 च्या जानेवारीत बनारसच्या अधिवेशनात परत दोन झाले. 1971 मध्ये एक. 1977 मध्ये जनता पक्षात विलीन. 1979 मध्ये जनता पक्षासकट पुन्हा दुभंग. बाबा हे सांगत तेव्हा कोणाला बोल लावत नसत. कुठल्या वर्षी आपण कुठे होतो, तेवढं मात्र प्रत्येक सालाबरोबर सांगत.

बाबा कुडाळजवळच्या पिंगुळीत, काका मुंबईत. बाबा राष्ट्र सेवा दलातून आलेले, बॅरिस्टर नाथ पैंचे कार्यकर्ते, म्हणजे पीएसपीचे. काका मुंबई महापालिकेत कामाला, जॉर्ज फर्नांडिसांच्या युनियनमध्ये, म्हणजे एसएसपीचे. शेत सांभाळणारा एका समाजवादी पक्षात आणि मनिऑर्डर पाठवणारा दुसऱ्या, अशी घरं तेव्हा आमच्या बाजूला आणखीही होती. एका पक्षाची खूण झोपडी, दुसऱ्याची वडाचं झाड. चवथीला काका एसटीने घरी येत आणि रात्री पडवीत वाद रंगे. दोघांच्या तोंडी जयप्रकाश, दोघांच्या तोंडी साने गुरुजी, दोघंही ‘साधना’ वाचणारे. मग पक्ष दोन कशाला, हे मला लहानपणी कळत नसे. पुढे वाचून पुष्कळ कळलं, पण त्या मुलाच्या प्रश्नाचं पुरेसं उत्तर मला मोठ्या माणसांच्या आत्मचरित्रांतही मिळालं नाही.

या भांडणाची किंमत आकड्यांत दिसते. 1967 मध्ये लोकसभेत एसएसपीचे 23 आणि पीएसपीचे 13 खासदार होते. 1971 मध्ये उरले तीन आणि दोन. इंदिरा गांधींची लाट होती हे खरं, पण लाटेत वेगवेगळ्या होड्या घेऊन उतरायचं यांनीच ठरवलं होतं. त्या दोनांपैकी एक जागा आमची, राजापूरची. नाथ पैंनी ती 1957 पासून तीनदा जिंकली होती. 18 जानेवारी 1971 ला, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते बेळगावात गेले आणि दोन महिन्यांत त्यांच्या जागी मधू दंडवते निवडून आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दोन्ही पक्ष पुन्हा एक झाले. कर्पूरी ठाकूर अध्यक्ष आणि दंडवते सरचिटणीस. बाबा तेव्हा मालवणीत एवढंच म्हणाले, “माणसां तीच, बोर्ड तेवढो नवो.” आनंद होता, पण ज्यांच्याशी हे बोलायचं ते नाथ पै नव्हते.

राजकारणातल्या समेटाला असा उशीर फार होतो. सुरतेला डिसेंबर 1907 मध्ये काँग्रेस फुटली आणि लखनौला डिसेंबर 1916 मध्ये जुळली. एका बाजूला रत्नागिरीत जन्मलेले टिळक, दुसऱ्या बाजूला गुहागरजवळच्या कोतळूकचे गोखले. दोघंही कोकणचे. जुळणी झाली तेव्हा गोखल्यांना जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती. टिळक त्यांच्या अंत्यविधीला गेले, तिथे गौरवाने बोलले. जे शब्द स्मशानात सुचले ते त्याआधी एखाद्या बैठकीत का निघाले नाहीत, हा प्रश्न मला सुरतेला फेकल्या गेलेल्या चपलेपेक्षा जास्त छळतो.

समाजवाद्यांच्या बाबतीत तर वैर असं नव्हतंच. 1955 हे लोहियांच्या फुटीचं साल. त्याच साली मे महिन्यात नानासाहेब गोरे गोव्याच्या सत्याग्रहात उतरले, जुलैत मधू लिमये उतरले. गोरे पीएसपीचे, लिमयांना त्याच पक्षाने वर्षाच्या सुरुवातीला निलंबित केलेलं. दोघांनी पोर्तुगीजांचा मार खाल्ला, दोघांना लांबलचक शिक्षा झाल्या आणि 1957 पर्यंत दोघं गोव्याच्या तुरुंगात होते. त्यांच्या पक्षाचे दोन तुकडे झाले ते ही माणसं आत असताना. इथून बांदा-पत्रादेवीची सीमा लांब नाही. 15 ऑगस्ट 1955 ला तिथे सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. तिथे रक्त सांडणाऱ्यांना झोपडी आणि वड असा भेद नव्हता. पुढे 1965 मध्ये एसेम जोशी एसएसपीत राहिले आणि गोरे पीएसपीत गेले. दोघांची मैत्री तरुणपणापासूनची, आणि ती शेवटपर्यंत टिकली. सेवा दल दोघांचं राहिलं, ‘साधना’ दोघांची राहिली.

म्हणून मला वाटतं, पक्ष जुळवायचा म्हणजे एकमेकांना माफ करायचं, हे निदान इथे लागू पडत नाही. माफ करण्यासारखं यांच्यात फारसं काही नव्हतंच. प्रेम शाबूत होतं आणि तरीही पक्ष राहिला नाही. नसलेली गोष्ट दुसरीच होती. मत हरल्यावर मान खाली न घालता घरात राहायची सोय नव्हती.

1954 चं त्रावणकोर-कोचीन घ्या. पट्टम थानू पिल्लै यांचं पीएसपीचं सरकार, आणि त्या सरकारच्या पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. लोहिया पक्षाचे सरचिटणीस होते. त्यांनी स्वतःच्याच पक्षाच्या सरकारने राजीनामा द्यावा अशी मागणी केली. पक्षाने ती मानली नाही. माझ्या मते लोहियांचा प्रश्न बरोबर होता. सत्तेत आपण असताना गोळी चालली तर जबाबदारी आपली, हे म्हणणारा पक्ष भारताला हवा होता आणि आजही हवा आहे. पण बरोबर असलेल्या अल्पमताचं काय करायचं, हे त्या पक्षाला ठाऊक नव्हतं. नोटिसा, निलंबनं, प्रतिनिलंबनं, मग नवा झेंडा. आणि लोहियांनाही थांबता आलं नाही. पाच वर्षं हरत राहीन, दर बैठकीत हाच ठराव मांडीन, पण जाणार नाही, असं ते म्हणाले असते तर? इतिहासात ‘तर’ला अर्थ नसतो म्हणतात. ज्यांच्या घरातली माणसं त्या ‘तर’पायी म्हातारी झाली, त्यांना असतो.

आमच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी सांगत आले. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता; 2021 मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सबंध जिल्हा हरखला. वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने एकेक चित्र पुढे धरत ते रामायण-महाभारतातली आख्यानं लावतात. पक्षफुटीचा विचार करताना मला नेहमी रामायणातलं वाली-सुग्रीवांचं आख्यान आठवतं. वाली मायावीचा पाठलाग करत गुहेत गेला. सुग्रीव बाहेर वर्षभर थांबला. गुहेतून रक्त वाहत आलं, त्याला वाटलं भाऊ संपला. त्याने तोंडावर शिळा लोटली, प्रधानांनी त्याला गादीवर बसवलं, आणि वाली जिवंत परत आला. त्यानंतर वालीने काय काय केलं हे सगळ्यांना माहीत आहे. त्याने एक गोष्ट केली नाही. तू शिळा का लावलीस, हे शांतपणे ऐकून घेतलं नाही. रक्त पाहिलेला माणूस काय सांगतो, ते ऐकायला किष्किंधेत सभाच भरली नाही.

1979 मध्येही ती भरली नाही. जनसंघातून जनता पक्षात आलेल्यांच्या, पक्ष आणि संघ अशा दुहेरी निष्ठेचा वाद होता, खराखुरा वाद होता. 12 जुलैला लोकसभेत मोरारजींच्या सरकारची जोरदार बाजू मांडणारे जॉर्ज काही दिवसांतच बाहेर पडले. लिमये बाहेर पडले. दंडवते राहिले. त्या चवथीला आमच्या पडवीत पहिल्यांदा आवाज चढले. बाबा जॉर्जना नको ते बोलले. काका बराच वेळ गप्प बसून म्हणाले, “दादा, तुजो थंय ऱ्हवलो, माजो गेलो. पण आमका कोणी इचारल्यान काय?” या वाक्याला बाबांकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं. कुडाळातल्या कार्यकर्त्याला आपला पक्ष फुटल्याचं रेडिओवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी नेहमीप्रमाणे माटवी बांधायला घेतली. गणपतीच्या डोक्यावरची ती लाकडी चौकट, तिला आंब्याचे टाळ, कवंडळं, सुपारीचे घड, नारळ बांधायचे. ते काम काकांचं. आजोबांच्या वेळी ठरलेलं. वाटणी झाली, चुली वेगळ्या झाल्या, एका वर्षी तर दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, तरी माटवीला दुसऱ्या कोणी हात लावला नाही. काकांची गाडी उशिरा आली तेव्हा पूजा थांबली. कोकणातल्या मूळ घरांनी भाऊबंदकीवर काढलेला हा तोडगा आहे: भांडण मिटो न मिटो, भांडणाऱ्याचं काम त्याच्यासाठी राखून ठेवायचं. समाजवाद्यांनी देशाला पुष्कळ विचार दिले, पण हरलेल्या सहकाऱ्यासाठी राखलेलं असं काम त्यांच्या पक्षात नव्हतं. हरलेला माणूस रिकामा बसे आणि रिकामा माणूस नवा पक्ष काढी.

काम मिळालं तेव्हा काय झालं, तेही आम्ही पाहिलं आहे. 1988 च्या ऑक्टोबरमध्ये जनता दल झाला आणि दंडवते-जॉर्ज दोघंही त्यात होते. डिसेंबर 1989 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांचं सरकार आलं. दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज रेल्वेमंत्री. दंडवत्यांनी 1977 ते 79 स्वतः रेल्वे सांभाळली होती. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या त्या तेव्हा, आणि आपट्याहून रोह्याकडे रूळ निघाले तेही 1978 मध्ये. आता एकाने तिजोरी धरली, दुसऱ्याने कुदळ. नेहमीच्या अर्थसंकल्पातून कोकणला रेल्वे मिळायला आणखी किती पिढ्या लागल्या असत्या कोण जाणे. म्हणून वेगळं महामंडळ काढायचं, केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ यांनी भांडवल घालायचं, बाकीचा पैसा रोख्यांतून उभारायचा, असं ठरलं. जुलै 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली, ई. श्रीधरन प्रमुख झाले. नोव्हेंबरात सरकार पडलं. एवढ्या अकरा महिन्यांत, अकरा वर्षांपूर्वी दुरावलेल्या दोन माणसांनी हे करून ठेवलं. त्यांनी 1979 वर एकमेकांशी काय बोलणं केलं मला माहीत नाही. काम मात्र दोघांना पुरून उरेल एवढं होतं.

1994 मध्ये जॉर्ज पुन्हा वेगळे झाले, समता पक्ष काढला. 26 जानेवारी 1998 ला रोह्यापासून मंगळुरापर्यंतचा सगळा मार्ग खुला झाला तेव्हा दंडवते संयुक्त आघाडीच्या सरकारात योजना आयोगाचे उपाध्यक्ष होते आणि जॉर्ज भाजपच्या सोबतीला. राजापूर तर दंडवत्यांच्या हातून 1991 मध्येच गेलं होतं. जिल्ह्यात मालवणला नाथ पैंच्या नावाचं सेवांगण उरलं, कुडाळला त्यांच्या नावाची शिक्षणसंस्था उरली. ती उभी आहेत, कारण तिथे यायला कुठल्याच झेंड्याची अट नव्हती. पक्ष मात्र उरला नाही.

आणि नुसतं एक होणंही पुरत नाही, याचा दाखला समुद्रापलीकडे आहे. झिम्बाब्वेचा मुक्तिलढा लढणारा पक्ष 1963 मध्ये फुटला. जोशुआ एन्कोमोंची झापू आणि नंतर मुगाबेंकडे आलेली झानू. 1980 मध्ये स्वातंत्र्य आलं आणि थोड्याच वर्षांत मुगाबेंच्या पाचव्या ब्रिगेडने माटाबेलेलँडमध्ये एन्कोमोंच्या बाजूची म्हणून हजारो माणसं मारली. 22 डिसेंबर 1987 ला दोघांनी एकीच्या करारावर सह्या केल्या. एन्कोमो पुढे उपराष्ट्रपती झाले, झापू हे नाव झानूत विरघळलं, त्या तारखेला राष्ट्रीय सुट्टी मिळाली. मेलेल्यांबद्दल मात्र सरकारने पुष्कळ वर्षं तोंड उघडलं नाही. झापूच्या जुन्या लोकांनी वीसेक वर्षांनी पक्ष पुन्हा उभा केला. नेत्याला खुर्ची मिळाली म्हणजे गावातल्या विधवेची कैफियत ऐकून झाली असं होत नाही. आपल्याकडे सुदैवाने असं रक्त सांडलं नाही, पण तडजोडीची रीत तीच: वर दोघंतिघं बसतात, खाली फलक बदलतात.

आज महाराष्ट्रात 2022 पासून शिवसेना दोन आहेत, 2023 पासून राष्ट्रवादी दोन. कुडाळच्या बाजारात वीस वर्षं एकत्र भिंती रंगवलेले लोक एकमेकांना टाळून रस्ता ओलांडतात. उद्या वरचे जुळतील. तेव्हा शाल, श्रीफळ, ‘घरवापसी’ची छायाचित्रं सगळं होईल. ज्यांच्या हातात तेव्हा पक्ष असेल त्यांना माझी मनापासून विनंती आहे. पहिली बैठक मुंबईत घेऊ नका, तालुक्याच्या शाखेत घ्या. तिथे गेलेल्याला आणि राहिलेल्याला दोघांनाही विचारा की त्या दिवशी तुला काय दिसलं, आणि तो सांगेल ते इतिवृत्तात लिहा, आवडलं नाही तरी. मतदान घ्या, आणि जो हरेल त्याच्याकडे त्याच संध्याकाळी मतदार यादी, भातखरेदीचा प्रश्न, मच्छीमारांचं निवेदन, काहीतरी एक नावानिशी सोपवा. दुसऱ्या कोणाला ते देऊ नका, तो दोन बैठकांना आला नाही तरी.